मागच्या लॉनवर आजारी पडणारे मशीन : विजेवरच्या लॉन मॉवरचे एक प्रकरण

जुलै २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीचे गवत कापायचे मशीन तिसऱ्यांदा बंद पडले. तेव्हा कमिटीपुढे विषय आला तो दुरुस्तीचा नव्हता. ते भंगारात काढून पेट्रोलवरचे घ्यावे की बॅटरीवरचे, एवढाच होता. सोसायटी पुण्याच्या पश्चिम भागातली, ८४ सदनिकांची आहे. एक लॉन प्रवेशद्वाराशी आहे आणि दुसरे, त्याच्या दीडपट मोठे, इमारतींच्या मागे कुंपणाच्या भिंतीला लागून आहे. दोन्ही मिळून सुमारे ६,००० चौरस फूट भरतात. मी कारखान्यात विद्युत देखभालीचे काम करून निवृत्त झालेला सभासद असल्यामुळे "टाकण्याआधी एकदा बघून तर घ्या" एवढ्या शब्दांवर हे प्रकरण माझ्याकडे आले.

मशीन साधे आहे. लोखंडी डेकवर, म्हणजे पात्यावरच्या कवचावर, उभी बसवलेली दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज इंडक्शन मोटर, तिच्याच शाफ्टच्या खालच्या टोकाला आवळलेले ४०० मिलिमीटरचे आडवे पाते, चार चाके आणि मागे गवताची पिशवी. नेमप्लेटवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ७.५ अँपिअर आणि मिनिटाला २,८०० फेरे असे आकडे आहेत. या वेगाने फिरणाऱ्या पात्याचे टोक ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते, हे मशीनला हात लावणाऱ्या प्रत्येकाने एकदा मनाशी म्हणून घ्यावे. हलक्या घरगुती मॉवरमध्ये अनेकदा कार्बन ब्रशची मोटर असते आणि ब्रश व कॉम्युटेटर झिजणे हा तिचा नेहमीचा आजार असतो. आमच्या मोटरला ना ब्रश, ना बेल्ट, ना गिअर. बिघडण्याजोग्या गोष्टी चारच उरतात : वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी), कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला जोर देणारा डबा), बेअरिंग आणि स्विच. अशी मोटर कारखान्यात दहा-दहा वर्षे कोणी ढुंकून न पाहता चालते. ती इथे दोन वर्षांत दोनदा जळली, हेच मला पहिल्यापासून खटकत होते.

कागदोपत्री इतिहास असा होता. मशीन २०२१च्या अखेरीस घेतले. ऑगस्ट २०२२मध्ये मागच्या लॉनवर त्यातून धूर आला आणि ३,२०० रुपये देऊन वाइंडिंग नव्याने भरून घेतले. जुलै २०२३मध्ये पुन्हा तेच झाले. या वेळी दुसऱ्या दुकानात रिवाइंडिंग आणि दोन्ही बेअरिंग मिळून ३,५०० रुपये गेले, आणि "मोटरच मुळात कमजोर आहे" असा निर्वाळाही मिळाला. जून २०२४पासून तक्रारी दुहेरी झाल्या. एक तर मशीन सुरू होताना नुसते गुणगुणायचे, पाते फिरायचे नाही. दुसरे म्हणजे पाऊस पडून गेला की पंप-रूममधला ईएलसीबी, म्हणजे जमिनीकडे गळती झाली की वीज तोडणारा सुरक्षा-स्विच, उडायचा. कमिटीने बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने सॉकेटमध्ये मीटर घालून २२२ व्होल्ट पाहिले, "लाइट बरोबर आहे, मशीन खराब आहे" असे सांगितले आणि तो गेला. जाताना त्याने आणखी एक गोष्ट केली होती, ती मला दुसऱ्या दिवशी कळली. तिच्याकडे नंतर येतो.

सर्वांत उपयोगी माहिती मात्र कोणत्याही कागदावर नव्हती. माळीकाकांना मी विचारले की मशीन नेमके कधी त्रास देते. ते म्हणाले, "सायेब, पुढं मशीन शाण्यावानी चालतंय. मागं नेलं की आजारी पडतंय." हे ते दोन वर्षे सांगत होते. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ असा लावला होता की मागचे लॉन मोठे आहे, तिथे मशीन दमते. अर्थ अगदीच चुकीचा नव्हता, पण त्यामुळे पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही.

पुढचा प्रश्न मीही लगेच विचारला नाही, हे इथे नोंदवले पाहिजे. गुणगुणणारी आणि न फिरणारी सिंगल फेज मोटर म्हटली की देखभालवाल्याचा हात आपोआप कपॅसिटरकडे जातो, तसा माझाही गेला. प्लग काढून घेतला, कपॅसिटरची दोन टोके रोधकातून जोडून त्यातला साठा उतरवला आणि मोजले : डब्यावर ३६ एमएफडी (मायक्रोफॅरड) लिहिलेले, मीटरवर २७. असे कपॅसिटर साधारण पाच टक्के कमी-जास्त चालतात. हा पाव भागाने खाली आला होता. दुय्यम वाइंडिंगला मिळणारा प्रवाह त्यामुळे घटतो आणि सुरुवातीचा जोर कमी पडतो. शिवाय कपॅसिटर मोटरच्या टोपणाखाली बसवलेला होता आणि त्याच्याभोवती वाळलेल्या गवताचा भुगा इतका दाबून बसला होता की तो गोधडीत गुंडाळल्यासारखा दिसत होता. नवा ३६चा कपॅसिटर टाकला. पुढच्या लॉनवर मशीन बटण दाबताक्षणी सुरू झाले. कारण सापडले, ते बदलले, लक्षण गेले, असे समजून मी सेक्रेटरींना फोन करून काम झाल्याचे सांगितले.

तिसऱ्या दिवशी मागच्या लॉनवर मशीन सुरू झाले, पंधरा मिनिटे चालले, त्याचा आवाज हळूहळू बसत गेला आणि गवताच्या एका दाट पट्ट्यात ते थांबले. मोटरच्या बाहेरच्या कवचाला हात लावणे अशक्य होते. माळीकाका काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत उभे राहिले.

कपॅसिटर खरोखरच खराब होता, पण ते प्रकरणाचे मूळ नव्हते. आणि मी मशीन तपासले होते ते पुढच्या लॉनवर, म्हणजे जिथे ते कधी आजारी पडतच नव्हते तिथे. हीच चूक इलेक्ट्रिशियननेही वेगळ्या रीतीने केली होती. त्याने व्होल्टेज मोजले ते सॉकेटवर आणि मशीन बंद असताना. म्हणजे ज्या स्थितीत कोणालाच त्रास होत नाही, त्या स्थितीत. बिघाड भार पडल्यावर दिसत असेल, तर माप भार असतानाच आणि मशीनच्याच टोकाशी घ्यावे लागते.

मग तसे मोजले. मशीनच्या टर्मिनल पेटीत मीटरच्या वायरी पक्क्या बसवून, झाकण लावून त्या हँडलपर्यंत आणल्या. सप्लायच्या एका वायरभोवती प्रवाह मोजणारा क्लँप मीटर अडकवला. आणि माळीकाकांना नेहमीसारखे गवत कापायला सांगितले. पुढच्या लॉनवर कोरडे गवत कापताना मोटर ६.८ अँपिअर घेत होती आणि तिच्या टोकाशी २२० व्होल्ट होते. मागच्या लॉनवर, पावसाने वाढलेल्या ओलसर गवतात, ती ९.२ अँपिअर घेत होती आणि तिच्या टोकाशी १८८ व्होल्ट उरले होते. सुरू होण्याच्या क्षणी मीटरच्या किमान-नोंदीत १५५ दिसले.

आकडे ऐकून सेक्रेटरींनी रास्त प्रश्न विचारला, "सॉकेटमध्ये २२२ आहेत, तर मधले चौतीस व्होल्ट गेले कुठे?"

ते वायरीत गेले होते. मागच्या लॉनसाठीची केबल पंप-रूममध्ये एका लोखंडी चक्रावर गुंडाळलेली असायची. गरज पडेल तेवढी सोडायची आणि बाकीची चक्रावर तशीच ठेवायची, असा रिवाज होता. मी ती पार्किंगमध्ये पूर्ण उलगडली. सॉकेटकडची ३० मीटर दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, थ्री-कोअर (तीन तारांची) होती, चांगल्यापैकी. तिच्या पुढे ०.७५ची टू-कोअर वायर जोडलेली होती, तीही सुमारे ३० मीटर. कोणत्या तरी गणेशोत्सवात मांडवाच्या रोषणाईसाठी आणलेली वायर नंतर केबल पुरत नाही म्हणून तिला जोडली गेली होती, आणि ही जोडणी कोणी केली हे सांगायला आता कोणीच उरले नव्हते. जोडावर इन्सुलेशन टेपचे पाच-सहा वेढे होते. टेप काढली तेव्हा आतला तांब्याचा पीळ काळा-हिरवा पडलेला होता आणि टेपच्या चिकट बाजूवर गवताची दोन ओली पाती चिकटून बसली होती.

हिशेब सरळ आहे. दीडच्या लवचिक तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम असतो आणि ०.७५चा २६. प्रवाह जातो आणि परत येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. पहिल्या तुकड्याचे ०.८ ओहम, दुसऱ्याचे १.५६, एकूण सुमारे २.४. त्यातून ९.२ अँपिअर गेले की जवळपास २२ व्होल्ट केबलमध्येच संपतात. मीटर-रूमपासून पंप-रूमपर्यंतची ७० मीटर जुनी अडीचची वायर आणखी ९ व्होल्ट खात होती आणि तो काळवंडलेला जोड तीन. मोटर बंद असताना प्रवाहच नसतो, म्हणून यातले काहीही दिसत नाही आणि सॉकेटवर निर्मळ २२२ वाचता येतात.

व्होल्टेज थोडे कमी झाले तर मोटरही थोडी कमी चालेल, असे सर्वांना वाटते. इंडक्शन मोटरच्या बाबतीत ते खरे नाही. तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३०ऐवजी १८८ मिळाले म्हणजे व्होल्टेज अठरा टक्क्यांनी घटले, पण जोर एक तृतीयांशाने गेला. आणि सुरू होताना १५५ असतील तर जोर निम्म्याहूनही कमी. गवत मात्र तेवढेच दाट असते. मग मोटर आपला वेग थोडा सोडते, अधिक प्रवाह ओढते, त्या अधिक प्रवाहाने केबलमधली घट आणखी वाढते, आणि हे एकमेकांना ढकलत राहते. नेमप्लेटच्या ७.५ऐवजी ९.२ अँपिअर म्हणजे वाइंडिंगमधली उष्णता दीडपट. इन्सुलेशन आपल्या मर्यादेपेक्षा दर दहा अंशांनी अधिक तापले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा मोटरवाल्यांचा जुना ठोकताळा लावला तर दोन पावसाळ्यांत मोटर दोनदा का जळली, हे वेगळे सांगावे लागत नाही. केबलमध्येही त्याच वेळी सुमारे २०० वॉट उष्णता निघत होती आणि तिचा बराचसा भाग सहा-सात अँपिअरपलीकडे जाऊ नये अशा त्या बारीक तुकड्यात. तो तुकडा चक्रावर गुंडाळलेला नव्हता, गवतावर पसरलेला होता, म्हणूनच तो वितळला नाही.

इथपर्यंत आल्यावर मोटर निर्दोष ठरवून मोकळे व्हावे असा मोह होता. पण मोटर उघडली आणि आणखी एक गोष्ट हाती लागली. अशा मोटरच्या वाइंडिंगमध्ये बहुधा एक लहान थर्मल प्रोटेक्टर गुंफलेला असतो. बाजारात त्याला ओएलपी म्हणतात. वाइंडिंग ठरावीक तापमानाच्या वर गेले की तो सर्किट तोडतो आणि निवल्यावर पुन्हा जोडतो. आमच्या मोटरमध्ये तो नव्हता. त्याच्या जागी दोन वायरी एकत्र पिळून वर स्लीव्ह चढवलेली होती. मी माळीकाकांना विचारले, की अगदी सुरुवातीला मशीन कसे वागायचे. "पैल्या वर्षी मधीच आपोआप थांबायचं. घंटाभर ठेवलं की परत चालायचं. वाइंडिंग भरून आणलं आन् मग थांबायचं बंद झालं," असे ते म्हणाले. म्हणजे पहिल्या पावसाळ्यात ओएलपी मोटरला वारंवार वाचवत होता आणि तो पुन्हा जोडला गेला की पुन्हा तेच ओझे तिच्यावर घातले जात होते. अखेर ती जळली, आणि रिवाइंडिंग करताना तो जळका ओएलपी काढून टाकला गेला. दुरुस्तीनंतर मशीन मध्येच थांबेनासे झाले, म्हणून दुरुस्ती उत्तम झाली अशी सर्वांची समजूत झाली. पुढच्या पावसाळ्यात तिला थांबवणारे कोणीच नव्हते. दुकानदाराने हे वाईट हेतूने केले असे मी म्हणणार नाही, कारण त्या मापाचा ओएलपी हाताशी नसला की वायरी सरळ जोडून देणे ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. पण बिलावर तसे लिहायला हवे होते, आणि आपणही विचारायला हवे होते.

आता ईएलसीबी. आज जे बसवले जाते ते शास्त्रशुद्ध भाषेत आरसीसीबी असते, पण सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. आमचा ३० मिलिअँपिअरचा होता. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांत फरक पडला, म्हणजे काही प्रवाह जमिनीकडे गळू लागला, की तो उडतो. पाऊस झाला की तो उडायचा, आणि तोही फक्त मशीन लावल्यावर. म्हणून दोष मशीनच्या माथी आला. पाचशे व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर, आणून मी मशीन आणि केबल वेगवेगळी करून तपासली. ओल्या लॉनवरून नुकतेच आणलेले मशीन १८ मेगाओहम दाखवत होते. तक्रारीला जागाच नव्हती. केबलचे फेज आणि अर्थ यांच्यामधले माप मात्र ०.०१ मेगाओहम, म्हणजे जेमतेम दहा हजार ओहम आले. एवढ्या रोधातून २३० व्होल्टला सुमारे तेवीस मिलिअँपिअर गळतात. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी १५च्या वर गेल्यावर केव्हाही उडू शकतो, आणि आमचा कधी उडत होता, कधी नाही, तो याचमुळे.

गळती त्याच जोडात होती. पुढची वायर टू-कोअर असल्यामुळे थ्री-कोअर केबलची हिरवी अर्थ वायर तिथेच कापून, दुमडून टेपखाली दाबलेली होती, फेजच्या पिळाला जवळजवळ टेकून. टेपमध्ये पाणी शिरले की फेजकडून त्या उघड्या हिरव्या टोकाकडे गळती सुरू व्हायची. जोर कमी पडणे आणि ईएलसीबी उडणे या सोसायटीच्या लेखी दोन तक्रारी होत्या, आणि दोन्हींचा आरोप मोटरवर होता. दोन्हींचा पत्ता मात्र वीतभर लांबीचा एकच जोड निघाला.

पण त्या दुमडलेल्या हिरव्या वायरीचा यापेक्षा गंभीर अर्थ असा होता, की मशीनच्या लोखंडी अंगाला अर्थ मिळतच नव्हते. मशीनच्या प्लगला तीन पिना होत्या, केबलच्या सॉकेटला तीन भोके होती, पण तिसऱ्या भोकामागे काहीच नव्हते. आणि इलेक्ट्रिशियनने जाताना केलेली गोष्ट म्हणजे ईएलसीबीला वळसा घालून त्या सॉकेटची वायर सरळ जोडणे. "सारखा उडतो म्हणून डायरेक्ट केलाय," असे त्याने वॉचमनला सांगितले होते. ओले गवत, लोखंडी हँडल, पायात झिजलेली स्लिपर, अर्थ नाही आणि आता ईएलसीबीही नाही. वाइंडिंगला एवढासा तडा गेला असता तर अंगावर आलेला फेज तोडणारे मध्ये काहीही नव्हते. जादा प्रवाहावर उडणाऱ्या साध्या एमसीबीला माणसाच्या शरीरातून जाणारा प्रवाह दिसतही नाही. मी त्याच दुपारी तो सॉकेट बंद करून वर चिठ्ठी चिकटवली आणि या एका बाबतीत कमिटीच्या बैठकीची वाट पाहिली नाही. ईएलसीबी उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो; त्याला बायपास करणाऱ्याला मी निष्काळजी म्हणणार नाही, त्यासाठी मराठीत याहून कडक शब्द आहेत.

यांत्रिक बाजूवर थोडक्यात. डेकच्या खालच्या अंगाला वाळून सिमेंटसारखा झालेला गवताचा थर होता. खरवडून काढला तो सुमारे तीन किलो भरला. त्यामुळे कापलेले गवत पिशवीत न जाता डेकखालीच घुमत राहायचे आणि पाते तेच गवत पुन्हा पुन्हा कापत बसायचे. पात्याला रस्त्यावरच्या धारवाल्याकडून धार लावून घेतली जायची आणि एका बाजूचे पोलाद दुसरीपेक्षा बरेच अधिक गेले होते. भिंतीत आडवा खिळा ठोकून पाते मधल्या भोकातून त्यावर अडकवले की जड बाजू खाली जाते. आमचे पाते धाडकन उभे झाले. हा असमतोल शेवटी खालच्या बेअरिंगवर येतो. ते ६२०३ क्रमांकाचे होते, नंबर बरोबरच होता, पण २०२३मध्ये टाकलेले बेअरिंग झेडझेड, म्हणजे पत्र्याच्या झाकणाचे होते. जिथे खालून सतत गवताचा रस आणि पाणी उडते, तिथे रबरी सीलचे टू-आरएस लागते. शाफ्ट हाताने फिरवला की आतून वाळूत फिरल्यासारखी खरखर लागायची. हाताने फिरवताना प्लगचा टॉप माझ्या शर्टाच्या खिशात होता, आणि हा शिरस्ता मी इतरांनाही घालून दिला, कारण स्विच बंद आहे या भरवशावर कोणी पात्याला हात लावू नये.

गवताचा वाटाही मोजून पाहिला. त्याच दिवशी, त्याच पुढच्या लॉनवर, त्याच मशीनने कोरड्या भागात ६.८ अँपिअर घेतले आणि सावलीतल्या ओल्या, पंधरा दिवस न कापलेल्या पट्ट्यात ८.४. हरळी पावसात कशी फोफावते ते सांगायला नको. एका खेपेला गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये, हा नियम लोक गवताच्या आरोग्यासाठी सांगतात. मोटरच्या आरोग्यालाही तो तेवढाच लागू पडतो.

कमिटीपुढे मी जे मांडले त्याचा खर्च वीस हजारांच्या घरात जात होता. मागच्या भिंतीवर, लॉनच्या मध्यावर, पावसापासून सुरक्षित पेटीत १६ अँपिअरचा नवा सॉकेट. तिथपर्यंत मीटर-रूममधून चारची पक्की लाइन. त्याला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी. तिथून पुढे एकसंध, बिनजोडाची ३० मीटर अडीचची थ्री-कोअर केबल. आणि मशीनसाठी ओएलपी, रबरी सीलचे बेअरिंग व नवे पाते. खजिनदार म्हणाले, "एवढ्यात नवं मशीन येतं की." खरे होते, येत होते. पण ते नवे मशीनही त्याच केबलला जोडले गेले असते, आणि त्याचे वाइंडिंगही दुसऱ्या पावसाळ्यात असेच गेले असते. एका सभासदांचा मुलगा अमेरिकेत बॅटरीचे मॉवर वापरतो. त्याची शिफारस विचारात घेतली. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १४४ वॉट-तास. आमच्या मागच्या लॉनला पन्नास मिनिटे लागतात, आणि आमच्या मशीनएवढाच भार धरला तर अशा सहा-सात बॅटऱ्या एका खेपेला लागतील. त्याचे अंगण लहान असावे. पेट्रोलचा प्रस्ताव तळमजल्यावरच्या सभासदांनी आवाजाच्या मुद्द्यावर जागीच अडवला, त्यामुळे त्यावर मला काही बोलावे लागले नाही.

शेवटी ठराव झाला तो अर्धा. केबल, मशीनची दुरुस्ती आणि पंप-रूमचा ईएलसीबी पूर्ववत करणे हे लगेच. भिंतीवरचा सॉकेट आणि चारची लाइन वार्षिक सभेनंतर. मधल्या काळात अडीचची नवी केबल पंप-रूममधूनच जेवढी पोचेल तेवढ्या भागापुरते मशीन वापरायचे आणि कुंपणाकडचा पट्टा माळीकाकांनी कात्रीने कापायचा, असे ठरले. दीडशे फुटांचा पट्टा कात्रीने कापणे म्हणजे काय, हे ठराव मांडणाऱ्यांपैकी कोणी करून पाहिलेले नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात कोणीतरी केबलला आणखी एक तुकडा जोडायचा घाट घातला. तो माळीकाकांनीच मोडून काढला.

नवी लाइन नोव्हेंबरमध्ये झाली. पुढच्या जूनमध्ये, पहिल्या दमदार पावसानंतरच्या आठवड्यात, पुन्हा तसेच मोजले : मागच्या लॉनवर, ओल्या गवतात, मशीनच्या टोकाशी २१३ व्होल्ट आणि ७.३ अँपिअर. कापण्याची उंची आता एक घर वर ठेवलेली असते, दव किंवा पाऊस उतरल्यावर दहा वाजल्याशिवाय मशीन बाहेर निघत नाही, आणि काम झाल्यावर डेक पाण्याच्या पाइपने न धुता लाकडी पट्टीने खरवडून ठेवला जातो. केबल वापरण्याआधी चक्रावरून पूर्ण उलगडायची, हे वळण लावायला मात्र सर्वांत जास्त दिवस लागले.

ईएलसीबी त्या पावसाळ्यात एकदाच उडाला. मी गावी होतो. माळीकाकांनी मशीन केबलपासून सुटे केले, नुसती केबल लावून पाहिली, तरी ईएलसीबी उडाला, म्हणून सॉकेट बंद करून मला फोन केला, "सायेब, मशीनचं न्हाई. केबलच्या टोकाच्या सॉकेटात पाणी गेलंय." ते टोक रात्रभर पावसात राहिले होते. उन्हात वाळवले आणि काम सुरू झाले.

पंप-रूमच्या दारामागे आता एक वही टांगलेली आहे. तीत दर खेपेला तारीख, लॉन, गवत कोरडे की ओले आणि क्लँप मीटरचा आकडा लिहायचा असतो. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातली नोंद माळीकाकांच्या अक्षरात अशी आहे : "मागे. कोरडं. ७.९. खालून आवाज." कोरड्या गवतात ७.९ जास्त आहेत. पाते काढून शाफ्ट फिरवला, खरखर नव्हती, पण किंचित खेळ लागत होता. ६२०३ टू-आरएस आणून ठेवले आहे. रविवारी बसवायचे आहे.